दहाची काडी

“ताई, हिला एक येत नाही.”

हे वाक्य मी टाकलं तेव्हा आठ वर्षांची प्राची माझ्यासमोर मांडी घालून बसली होती. सतरंजीवर माझ्या संचातले शंभर सुटे मणी होते, आणि ते तिनं नुकतेच मोजून संपवले होते. मोठ्यानं, एकदाही न अडखळता. शेवटचा मणी ठेवून तिनं आईकडं बघितलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पाणी खाली पडायच्या आत मी बोललो.

“म्हणजे?” आई म्हणाली.

“ऐकलंत ना? सुरुवात कशी केली तिनं? लाभ, दोन, तीन. एक कुठाय?”

पंधरा-सोळा वर्षं झाली या गोष्टीला. बार्शीच्या मार्केट यार्डामागच्या चाळीत, माडीवरची दीड खोली. मे महिना, पत्रा तापलेला, आणि मी गळ्यात टाय लावून घामाघूम. सव्वीस वर्षांचा होतो. पुण्याच्या एका कंपनीचा गणित-संच दारोदार विकत होतो. लाकडी खोका, त्यात रंगीत मणी, तारेत ओवलेल्या दहा-दहा मण्यांच्या काड्या, शंभराच्या पाट्या, बारा पुस्तिका. किंमत साडेचार हजार. आम्हाला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं, त्यात गणित अर्धा तास होतं. बाकी सगळा वेळ आई कशी पकडायची हे शिकवलं. आमचा साहेब म्हणायचा, “आईला गणित विकू नका रे गाढवांनो, भीती विका. पोराची एक चूक शोधा आणि आईच्या पदरात टाका. उरलेलं काम ती करते.”

मी चूक शोधली होती.

“अहो सर, ते तसं नाही.” कालिंदाताई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. “खाली यार्डात रखमाजी आबा धान्याचं माप घालतात. पहिल्या मापाला ते एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. ही खिडकीतनं ऐकायची, मग खाली जाऊन त्यांच्यापाशीच बसायला लागली. तिथं शिकली.”

“आणि शाळेत?”

“शाळेतनं मी काढली तिला.” त्यांचा आवाज एकदम कडक झाला. “एकवर अडकायची. ए, ए, ए असं व्हायचं, पुढं शब्दच निघायचा नाही. बाईंनी बाकावर उभं केलं, म्हणाल्या, एक म्हणेपर्यंत खाली बसायचं नाही. चाळीस पोरं खालनं ए ए ए करून ओरडत होती. दुपारच्या सुट्टीपर्यंत उभी होती ही. ओली झाली तिथंच. दुसऱ्या दिवशी मी जाऊन दाखला मागितला. ही नाही तर मी पण नाही म्हणून धाकटी पण बसली घरी.”

धाकटी, पाच वर्षांची दुर्वा, दारात उभी राहून माझा टाय बघत होती. “मला येतंय एक,” ती म्हणाली. “दिदीला पण येतंय. ती म्हणत नाही फक्त.”

“तू गप,” आई म्हणाली.

त्या बाईनं सतरंजीवर तीन गोष्टी शेजारी-शेजारी मांडून ठेवल्या होत्या. एक, रद्दीतून आणलेलं तिसरीचं सरकारी गणिताचं पुस्तक, पुठ्ठा फाटलेला. दोन, मणीचौकटीवर झटपट हिशेब शिकवणाऱ्या क्लासची जाहिरात. तीन, माझा खोका. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिनं रेघा मारून तक्ता केला होता: काय मिळतं, किती दिवस पुरतं, दोघींना चालतं का. स्वतः सातवी शिकलेली बाई. माझी उलटतपासणी तिनं अशी घेतली की कोर्टात वकील घेणार नाही.

“पुस्तिका लिहून संपल्या की धाकटीला नव्या घ्याव्या लागतील?”

“हो ताई, पण सवलतीत.”

“पेन्सिलीनं लिहून खोडल्या तर?”

“…तसं कोणी करत नाही.”

“मी करीन. मणी हरवला तर?”

“कंपनीकडं मागवता येतो.”

“हरभरा चालेल का त्याच्या जागी?”

मला हसू आलं. तिला आलं नाही. “सर, हसू नका. माझ्याकडं एकच महिना आहे.”

मग तिनं सगळं सांगितलं. नवरा गुजरातेत पोकलेन मशीनवर चालक. घरचं सगळं मोठ्या दिरांच्या हातात. ते पंचायत समितीत कारकून, खोलीचं भाडं तेच भरतात. त्यांनी निकाल देऊन ठेवला होता: जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पोरीला तिच्या वयाचं गणित आलं तर ठीक, नाहीतर तालुक्याबाहेरच्या वसतिगृहात. तिथं शिस्त आहे म्हणे. चार फटके बसले की तोंड उघडतं म्हणे.

“तिथं गेली तर ही कायमची मुकी होईल हो,” कालिंदाताई म्हणाल्या. “आत्ता कुठं बोलायला लागलीय. तुम्हीच ऐकलंत ना, शंभरपर्यंत.”

मी ऐकलं होतं. आणि साहेबानं शिकवल्याप्रमाणे आवाज खाली आणून म्हणालो, “ताई, बाजारात लाभ चालतं. गणितात एकला एकच म्हणतात. जिथं पहिलाच आकडा नाही तिथं पुढचं सगळं हवेत. उद्या कोणी परीक्षा घेतली तर काय सांगाल? आमच्या आबांनी असं शिकवलं?”

प्राची माझ्या तोंडाकडं बघत होती. तिनं हळूच मण्यांवरचा हात काढून घेतला. तेवढं मला दिसलं.

मी कंपनीचा छापील चाचणी-तक्ता काढला आणि भरला. ‘विद्यार्थिनीस १ हा अंक ज्ञात नाही. पाया अत्यंत कच्चा. संच तातडीने आवश्यक.’ खाली सही, त्यावर शिक्का. ज्ञात, अत्यंत, तातडीने. असले शब्द लिहिताना मला स्वतःचा रुबाब वाटायचा. एक प्रत त्यांना दिली.

“हे भाऊजींना दाखवते,” ताई म्हणाल्या. “कागद बघितल्याशिवाय ते पैशाला हो म्हणणार नाहीत. उद्या माझी भिशी लागतीये. सोलापूरला हिच्या बोलण्याच्या डॉक्टरकडं जायला धरली होती. ते नंतर बघू. उद्या दहाला या सर, नवा खोका घेऊन.”

जिना उतरताना मी शीळ घालत होतो. त्या महिन्यातला माझा तो पहिला संच.

दुसऱ्या दिवशी दहाला मी गेलो तेव्हा खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर ताईंचे मोठे दीर, दिगंबरराव, बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. हातात माझा कागद.

“या सर. तुमचेच आभार मानायचे होते,” ते म्हणाले. “गेले सहा महिने मी हेच सांगतोय या बाईला, पण माझं कोण ऐकतं? आता कागदावर आलंय.”

मला काही कळेना. “म्हणजे संच…”

“संच कशाला? एक येत नाही म्हणता ना तुम्ही? आठ वर्षांच्या पोरीला एक येत नाही! आई घरी बसवून एवढंच शिकवते. वसतिगृहाच्या अर्जाला हा कागद जोडतो. आता जूनची वाट कशाला? सुट्टीतही तिथं वर्ग चालू असतात, सोमवारीच नेऊन सोडतो.”

कालिंदाताई ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या मुठीत भिशीच्या नोटांची घडी होती. त्या माझ्याकडं बघत होत्या, पण रागानं नाही. मदतीला आलेल्या माणसाकडं बघतात तसं. ते मला जास्त लागलं.

“सर, तुम्ही सांगा ना भाऊजींना. संच आला की होईल म्हणून.”

“प्राची कुठाय?” मी विचारलं.

ती धान्याच्या डब्यांमागं कोपऱ्यात बसली होती. गुडघ्यांत मान.

“काल संध्याकाळपासून बोललीच नाही,” दुर्वानं सांगितलं. “आई म्हणाली लाभ म्हणायचं नाही, एक म्हण. मग ती ए, ए, ए करायला लागली. मग आई रडली. मग दिदी गपच झाली. खाली आबांकडं पण गेली नाही.”

“तुम्हीच म्हणालात ना,” ताई मला म्हणाल्या, “एकला एकच म्हणतात.”

दिगंबररावांनी घड्याळ बघितलं. “बरं. सर आलेच आहेत तर त्यांच्यासमोर होऊन जाऊ दे. उद्या कोणी म्हणायला नको की पोरीला संधी दिली नाही. ए प्राची, इकडं ये. उघडा हो तुमचं ते दुकान.”

नवा खोका सीलबंद होता, म्हणून मी पिशवीतला दाखवायचा संच उघडला. प्राचीला आईनं धरून आणलं. ती बसली.

“त्रेचाळीसातून सतरा गेले, किती राहिले?” दिगंबरराव म्हणाले. मग मला डोळ्यानं खुणावलं, जसं काही आम्ही दोघं एका बाजूला होतो.

प्राचीनं आधी काड्यांकडं बघितलं. मग हात पुढं करून दहाच्या चार काड्या घेतल्या, आडव्या मांडल्या. शेजारी तीन सुटे मणी. त्रेचाळीस. तिनं तीन मण्यांवर बोट ठेवलं, सात काढायला गेली, आणि थांबली. तीनच आहेत.

आमच्या संचात याला एक रीत होती. एक काडी खोक्यात ठेवायची, बदल्यात खोक्यातून दहा सुटे मणी घ्यायचे. ती रीत सांगायला मी तोंड उघडलं. पण पोरीनं मान वर केली नाही. तिनं चौथी काडी उचलली, तारेचं वळवलेलं टोक दातात धरलं आणि ओढलं.

“अगं ए!” मी ओरडलो. दाखवायचा संच मोडला तर पगारातून कापत.

तार सरळ झाली. दहा मणी टपाटप सतरंजीवर पडले आणि घरभर पळाले. एक दिगंबररावांच्या खुर्चीखाली गेला.

“बघितलंत?” दिगंबरराव उभेच राहिले. “बघितलंत हिचे चाळे? विचारलं काय, करते काय! ही घरची शाळा. दुसऱ्याची वस्तू दातानं तोडायची!”

ताईंनी पोरीचा दंड धरला. हात उगारलेला मी बघितला. तेवढ्यात दुर्वा मध्ये घुसली.

“मारू नको! तिनं पोतं उसवलंय!”

“काय?”

“आबा नाही का उसवत? गिऱ्हाइकाला थोडंच पाहिजे असलं, आणि सुट्टं संपलं की. पोतं उसवून ओततात ना खाली. तसं.”

ताईंचा उगारलेला हात खाली आला. प्राची तोवर सतरंजीवर रांगत मणी गोळा करत होती. खुर्चीखालचा मणी काढायला तिनं काकांचा पाय हातानं बाजूला सारला. काका दचकून मागं झाले. दहाच्या दहा मणी आणून तिनं आधीच्या तीनांत ओतले. त्यातले सात काढून एका बाजूला ठेवले. सातांशेजारी एक अख्खी काडी ठेवली. उरलं ते पुढं ढकललं. दोन काड्या, सहा मणी.

सव्वीस.

मी बघत राहिलो. आठ महिने मी हेच विकत होतो. चौथीत असताना मला सांगितलं होतं, वरचे कमी पडले की शेजाऱ्याकडून दहा उसने घ्यायचे. मी गुरुजींना विचारलं होतं की ते परत कधी द्यायचे. त्याचं उत्तर पाठीवर मिळालं. तेव्हापासून दहावीपर्यंत मी उसने घेत गेलो आणि नापास होत गेलो. आणि ही पोरगी. उसनं कुठलं? शेजारी कुठला? तुझंच आहे. बांधलेलं आहे, ते सोड.

“तोंडानं सांग,” दिगंबरराव म्हणाले. “किती राहिले?”

प्राचीनं ओठ मिटून घेतले.

“सांग. नाहीतर सोमवारी…”

“सव्वीस राहिलेत,” मी म्हणालो. “तुमच्या पायापाशी आहेत. मोजा.”

“तिला विचारतोय मी.”

“तिनं सांगितलंय. आणखी काय पाहिजे तुम्हाला?”

“आवाज खाली, सर. काल तुम्हीच लिहून दिलंय, एक ज्ञात नाही. हा तुमचा शिक्का. मग काल खरं की आज?”

आता इथं मला पळता आलं असतं. संचामुळं एका दिवसात सुधारणा झाली, असं म्हणता आलं असतं. साहेबानं पाठ थोपटली असती, खोकाही खपला असता. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, खोटं कशाला सांगू. पण पोरगी बघत होती. काल मी तिला एक न येणारी ठरवली तेव्हा बघत होती तशीच.

“काल खोटं,” मी म्हणालो. “खोका खपावा म्हणून लिहिलं.”

“सर?” कालिंदाताई म्हणाल्या.

“लाभ म्हणजे एकच, ताई. मला माहीत होतं.”

“कसं माहीत होतं? तुम्ही तर काल म्हणालात…”

“माझा बाप मापाडी आहे. मुरूडच्या बाजारात. मी त्याच्या मांडीवर बसून मोजायला शिकलो, लाभपासूनच. पहिलं माप देवाचं, त्याला नुसतं एक म्हणून मोकळं व्हायचं नाही, हे त्यानं मला सांगितलंय. तुम्ही काल आबांचं सांगितलंत तेव्हाच मला सगळं कळलं होतं.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“कळलं होतं,” त्या म्हणाल्या. “आणि तरी माझ्याच तोंडानं तिचं तोंड बंद करवलंत.”

मला मान खाली घालावी लागली. दिगंबररावांना मात्र आता मजा वाटायला लागली होती.

“छान. म्हणजे तुम्ही मापाड्याचे चिरंजीव. शिक्षण काय?”

“दहावी नापास. गणितातच.”

“वा! आणि दहावी नापास माणूस मला सांगणार की पोरीला गणित येतं? कुठल्या अधिकारानं?”

“काल कुठला अधिकार होता?” माझा आवाज चढला. “कालचा कागद तर घडी करून खिशात ठेवलात. त्याच नापास माणसानं लिहिलाय तो. पोरगी नालायक आहे म्हणालो तेव्हा मी सर होतो, हुशार आहे म्हणालो की मापाड्याचा झालो काय?”

दिगंबरराव लाल झाले. कोरा कागद त्यांनीच काढला, खिशातून. कारकुनाकडं असतोच. “लेखी द्या. तोंडी मी काही ऐकत नसतो.”

“द्या लिहून,” कालिंदाताई म्हणाल्या. “तिची वजाबाकी लिहा. लाभचं लिहा. आणि खाली पूर्ण नाव, बापाचं नाव, बाप काय करतो ते. सगळं.”

मी भिंतीला कागद टेकवून लिहिलं. या वेळी ज्ञात नाही, अत्यंत नाही. ‘काल दिलेला शेरा खोटा आहे. या मुलीला मोजता येते आणि वजाबाकी कळते. ती पहिल्या मापाला लाभ म्हणते, ते बरोबर आहे.’ खाली, नवनाथ ज्ञानोबा कसपटे. त्याच्या खाली हात थांबला. दहावीच्या अर्जापासून नोकरीच्या अर्जापर्यंत त्या जागी मी ‘शेती’ लिहीत आलो होतो. आम्हाला वीतभर जमीन नाही. लिहिलं, ‘वडील मापाडी.’

दिगंबररावांनी कागद दोनदा वाचला. कालचा आणि आजचा असे दोन्ही एकात एक घालून खिशात ठेवले.

“सोमवारचं राहू दे, दिवाळीपर्यंत बघू,” ते म्हणाले. “दिवाळीत मी स्वतः परीक्षा घेणार. लेखी.” चप्पल घालताना त्यांनी सतरंजीवरच्या दोन काड्या आणि सहा मण्यांकडं पुन्हा बघितलं. ओठ हलत होते. माणूस मोजत होता.

ते गेल्यावर मी सामान आवरायला लागलो.

“थांबा,” कालिंदाताई म्हणाल्या. आता सर नव्हतो मी. “घेऊ काय, ते सांगून जा. खरं सांगा.”

मी फाटक्या पुठ्ठ्याचं सरकारी पुस्तक उचललं. “हे. हे पुरेल दोघींना. पहिलीचं आणि दुसरीचं पण रद्दीत मिळेल, ती आधी करा. क्लास नको. भिशी सोलापूरच्या डॉक्टरला द्या. आणि खराट्याच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या करा. तार नको, दोरा बांधा. हातानं सोडता आली पाहिजे.”

त्यांनी दारामागचा खराटा आणला आणि तिथंच काड्या उपसायला लागल्या. दुर्वा धुरळ्यानं शिंकली. प्राची पुढं आली, आईनं दिलेल्या काड्या घेऊन बसली. तिनं दहा काड्या वेगळ्या केल्या, दोऱ्यानं बांधल्या, मग दुसऱ्या दहा.

त्या दिवशी ती माझ्यासमोर बोलली नाही. बोलावं असं मी काही केलंही नव्हतं.

“दिदी,” दुर्वा तिच्या कानात म्हणाली, पण मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं. “हे काका नापास आहेत ना. त्यांना पण दे एक जुडी.”

“दुर्वे!” आई ओरडली.

प्राचीनं माझ्याकडं बघितलं. मग एक जुडी उचलली, गाठ घट्ट नाही ना ते नखानं तपासलं, आणि माझ्यापुढं धरली.

मी टाय काढून खिशात घातला आणि दोन्ही हातांनी ती घेतली.